ग्यानबा अवचार यांच्या कॅमेऱ्यावरील लॉकबाबत

जबाब, दि. १९ मे २०२५, पोलीस ठाणे सेनगाव, जि. हिंगोली.

नाव : सौ. पुनम विश्वंभर अवचार. वय : २९ वर्षे. शिक्षण : बारावी, आय.टी.आय. (फिटर). व्यवसाय : घरकाम, तसेच लग्नाच्या शूटिंगचे मिक्सिंग. रा. पुसेगाव, ता. सेनगाव.

आज स्वतः ठाण्यात येऊन, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, पुढीलप्रमाणे सांगते.

मी वरील पत्त्यावर पती विश्वंभर (वय ३४) व सासरे ग्यानबा (वय ६६) यांच्यासोबत राहते. सासूबाई हयात नाहीत. सासरे सत्तावीस वर्षांपासून लग्नाचे शूटिंग करतात. सेनगावात आमचे दुकान आहे. दुकानावर पूर्वी ‘ग्यानबा व्हिडिओ’ असा बोर्ड होता. माझे पती दुसरा कॅमेरा व ड्रोन चालवतात. दोघांनी आणलेले शूटिंग संगणकावर कापून जोडण्याचे काम मी करते. हे काम लग्नानंतर मला सासऱ्यांनीच शिकवले.

सासऱ्यांचा कॅमेरा व त्यावरची लेन्स वेगवेगळ्या कंपनीची आहे. लेन्स जुनी, पूर्ण धातूची, नांदेडहून आणलेली. अशी लेन्स कॅमेऱ्याला बसत नाही म्हणून मध्ये एक जाड कडी लावतात, तिला अ‍ॅडाप्टर म्हणतात. आमच्या अ‍ॅडाप्टरवरच फोकस फिरवायची रिंग आहे. ती हाताने फिरवून समोरच्या माणसाचा चेहरा स्पष्ट करावा लागतो, आपोआप होत नाही. पतीचा कॅमेरा नवा आहे, त्यात ते आपोआप होते. सासऱ्यांनी तो एकदा हातात घेऊन परत ठेवला. त्याच्या पडद्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत हे त्यांनी त्या वेळी सांगितले नाही. “हे आपल्या हाताचं न्हाई,” एवढेच म्हणाले.

सन २०२४ च्या दिवाळीनंतर मिक्सिंग करताना मला दिसू लागले की सासऱ्यांच्या शूटिंगमध्ये चौकट बरोबर असते, पण चेहरा किंचित धूसर व मागचा पडदा स्पष्ट येतो. सुरुवातीला मी ते तुकडे काढून त्या जागी पतीचे शूटिंग जोडत असे. चार लग्ने मी असेच केले. कोणाला सांगितले नाही. पाचव्या लग्नात नवरीच्या पाठवणीचा एकही तुकडा चालण्यासारखा निघाला नाही, तेव्हा मी सासऱ्यांना दुकानात एकटे पाहून विचारले,

“मामा, डोळ्याला तकलीफ हाय का?”

ते कॅमेऱ्याची पिशवी पुसत होते. म्हणाले, “काहून?”

मी म्हणाले, “मला संगणकावर दिसून राहिलं.”

त्यांनी पिशवीची चेन लावली. मग म्हणाले, “सरळ पाहिलं की मधातच काळं दिसते. कडंनं समदं बराबर दिसते. गेल्या पोळ्यापासून हाय. कोणाला सांगू नको, माय.”

मी त्यांना हिंगोलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डोळ्याचा आतला पडदा खराब झाला आहे, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवायची, असे डॉक्टर म्हणाले. परत येऊन पुसेगावला जीपमधून उतरल्यावर सासरे म्हणाले की चौकट तर मला दिसते, तेवढा फोकस कोणी धरून दिला तर काम होईल.

त्यावरून मी फोकसची रिंग ठरल्या अंतरावर धरून ठेवणारा लॉक तयार करण्याचे ठरवले.

आय.टी.आय.ला शिकलेले काम त्यानंतर मी कुठे केले नव्हते. आधी पाण्याच्या पाइपाची क्लिप व सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून पाहिली. ती रिंगला एका बाजूने दाबे व रिंग अडके. नंतर सागवानी तुकडा कोरून बसवला, तो डीजेच्या हादऱ्याने सरकला. शेवटी सेनगावचे लेथवाले नेमसिंग यांच्याकडून पितळेचे कडे कातून घेतले. नेमसिंग यांनी विचारले, “कायच्या इंजनाचं हाय?” मी कॅमेऱ्याचे आहे म्हणून सांगितले तेव्हा ते हसले, परंतु काम चोख केले. कड्याला बाहेरून तीन खाचा मी स्वतः कानशीने पाडल्या. खाली बॉलपेनची स्प्रिंग व सायकलच्या बेअरिंगमधली गोळी बसवली. रिंग फिरवली की गोळी खाचेत पडते व टक् असा आवाज येतो. एक खाच पाच फुटांची, एक दहाची, एक वीसची. पाचच्या बाजूला एक ठिपका, दहाच्या बाजूला दोन, वीसच्या बाजूला तीन, असे पंचने उमटवले, म्हणजे अंगठ्याने ओळखता येते. बाजूला एक मोठ्या डोक्याचा स्क्रू आहे, तो आवळला की रिंग हलत नाही. सासऱ्यांनी अंतर पावलाला पाऊल लावून, एक पाऊल एक फूट धरून मोजायचे, ठिपके चाचपायचे, आवळायचे. बघायची गरज नाही.

हे पितळी कडे अ‍ॅडाप्टरच्या रिंगवर दोन बारीक, बिनडोक्याच्या स्क्रूंनी पक्के केलेले आहे. ते फक्त एलन कीने, म्हणजे षटकोनी वाकड्या पान्याने, फिरतात. या दोन स्क्रूंची जागा ठरवायला मला नऊ दिवस लागले. घराच्या भिंतीवर कॅलेंडर लावून, टेपने अंतर मोजून, प्रत्येक खाच तपासली. जागा बरोबर बसल्यावर स्क्रू आवळून मी त्यावर लाल नेलपॉलिशचा एक-एक टिपका दिला, अर्धा स्क्रूवर व अर्धा कड्यावर. स्क्रू कोणी फिरवला तर टिपका फुटतो. हे आम्हाला आय.टी.आय.त शिकवले होते.

लॉक दि. १९ जानेवारी रोजी पूर्ण झाला. सासऱ्यांनी मला दाराजवळ उभे केले, दहा पावले मागे गेले, अंगठा फिरवला आणि शूटिंग घेतले. ते मी संगणकावर पाहिले. माझ्या कानातल्या खड्याचे पैलू दिसत होते. मी तसे सांगितले. सासरे म्हणाले, “पुन्यांदा सांग.” मी पुन्हा सांगितले.

त्यानंतर त्यांनी अकरा लग्ने केली. एकाही लग्नाची तक्रार नाही.

पतीने मला विचारले होते की या खाचा कशाला पाडल्या. त्या वेळी मी त्यांना सासऱ्यांच्या डोळ्याबद्दल खरे सांगितले. डॉक्टरांखेरीज ही गोष्ट दुसऱ्या माणसाला कळली ती माझ्याकडून. पती म्हणाले, मग आता त्यांनी घरी बसावे. मी म्हणाले, काम होत आहे तोवर होऊ द्या. फेब्रुवारी महिन्यात पतीने दुकानावर नवीन बोर्ड लावला. त्यावर ‘व्ही. अवचार फिल्म्स’ असे आहे. सासरे बोर्डाखाली उभे राहून मला म्हणाले, “काय लिवलंय?” मी वाचून दाखवले. ते म्हणाले, “रंग चांगला हाय.” बोर्ड बदलला तरी गावोगावचे लोक फोनवर ग्यानबालाच पाठवा असे सांगत. असे फोन पती उचलत तेव्हा कॉल चालू असतानाच सासऱ्यांच्या पुढ्यात फोन ठेवून बाहेर जात.

दि. २७ एप्रिल २०२५ रोजी, रविवारी, साखरा येथील अमृतराव टाले यांची मुलगी कोमल हिचे लग्न होते. लग्न नवरीच्या दारी होते. काम सासऱ्यांच्या नावाने आले होते. सासऱ्यांनी मांडवात स्टॅण्डवर कॅमेरा लावायचा व पतीने वरात, जेवणावळ व ड्रोन बघायचे असे ठरले. मी आदल्या दिवशी बॅटऱ्या चार्ज करून सासऱ्यांची पिशवी भरली. नेलपॉलिशचे दोन्ही टिपके त्या वेळी अखंड होते. त्यानंतर पिशवी दुकानात राहिली. दुकानाच्या दोन किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे व एक पतीकडे. मी त्या दिवशी पुन्हा दुकानात गेले नाही.

नवरीचे वडील अमृतराव हे पोटाच्या आजाराने अंथरुणाला खिळून होते. ते लग्नाला येणार नाहीत असेच सगळ्यांना माहीत होते. अक्षता पडल्यानंतर त्यांनी हट्ट धरला म्हणून त्यांना खुर्चीसह उचलून मांडवात आणले, मुलीजवळ बसवले व थोड्या वेळाने परत नेले. मी लग्नात नव्हते. हे मी शूटिंगमध्ये पाहिले.

दि. २८ रोजी सकाळी मी शूटिंग संगणकावर घेतले. चार तास दहा मिनिटांच्या शूटिंगमध्ये स्टेजवरचा एकही माणूस ओळखू येत नाही. नवरा, नवरी, भटजी, सगळे धूसर. कॅमेऱ्यापासून साडेसहा फुटांवर जे कोणी आले तेवढेच स्पष्ट आहेत. मोबाइल धरून उभ्या राहिलेल्या लोकांच्या पाठी स्पष्ट आहेत. एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवरचे मंडपवाल्याचे नाव वाचता येते. अमृतराव सहा मिनिटे चाळीस सेकंद आहेत, तेही धूसर; पतीचा कॅमेरा त्या वेळी जेवणावळीत होता. त्यांचा आवाज मात्र स्वच्छ आहे. ते नवरीला म्हणतात, “कोमल, माय, काही खाल्लंस का?” नवरी हो म्हणते. ते म्हणतात, “खोटं नको बोलू.” मग दोघांच्या हसण्याचा आवाज आहे.

मी लगेच कॅमेरा तपासला. नेलपॉलिशचे दोन्ही टिपके फुटलेले होते. लॉक सोडल्याने पितळी कडे आपल्या जागेवरून दोन मिलिमीटर सरकलेले होते, म्हणून सासऱ्यांनी दहाची खाच लावली तरी फोकस साडेसहा फुटांवर पडत होता. दोन्ही स्क्रू मात्र कडक आवळलेले होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण हादऱ्याने सुटलेला स्क्रू ढिला सापडतो. सुटून, सरकून, परत स्वतःच आवळला जाणारा स्क्रू मी पाहिलेला नाही. आमच्याकडे एलन की एकच आहे. ती पतीच्या ड्रोनच्या पिशवीत असते.

मी पतीला विचारले. ते म्हणाले, “जुगाडच व्हतं ते. कवातरी सुटणारच व्हतं.” मी स्क्रू दाखवले. त्यांनी पाहिले नाही.

सासऱ्यांना मी काही सांगितले नाही. टाले यांच्याकडील लोकांनाही सांगितले नाही. संगणकावर तो तुकडा सुधारण्याचा प्रयत्न मी सात दिवस केला. धूसर चेहरा मागाहून स्पष्ट होत नाही, हे मला आधीपासून माहीत होते.

दि. ६ मे रोजी अमृतराव वारले.

दि. १५ मे रोजी, गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास अमृतराव यांचा मुलगा शिवशंकर टाले हा एकटाच दुकानात आला. त्याने केस काढलेले होते. तेरवीच्या दिवशी लावायला वडिलांचा अखेरचा व्हिडिओ हवा आहे, असे म्हणाला. दुकानात त्या वेळी मी, पती, सासरे आणि बाहेरगावची दोन गिऱ्हाइके होती. पेन ड्राइव्ह नंतर देते, असे मी म्हणाले. तो म्हणाला, “ताई, आताच पाहू द्या. आईनं सांगितलं, पाहूनच ये.” तेव्हा मी लावले.

त्याने सहा मिनिटे चाळीस सेकंद पूर्ण पाहिले. नंतर म्हणाला, “आवाज हाय. तोंड काहून न्हाई?”

मी काही बोलण्याआधी पती म्हणाले, “ते बाबांनी शूट केलं. त्यांना दिसत न्हाई.”

सासरे दाराजवळच्या स्टुलावर बसलेले होते. ही गोष्ट दुकानात आजवर कोणी मोठ्याने बोललेली नव्हती. त्यांनी मान पतीकडे वळवली. समोरचे मधोमध दिसत नसल्याने ते थोडे बाजूला बघत होते.

शिवशंकर म्हणाला, “आंधळा माणूस पाठवला तुमी आमच्या मांडवात?”

सासरे उठून म्हणाले, “बाबू, मी फोकस बराबर...” तेवढ्यात शिवशंकरने त्यांना दोन्ही हातांनी छातीवर ढकलले. सासरे पायरीवर आडवे पडले. उजव्या बाजूने पडले. शिवशंकरने टेबलावरचा कॅमेरा उचलून फरशीवर आपटला व तिथेच खाली बसून रडू लागला. हे मी डोळ्यांनी पाहिले. ढकललेले पाहिले व रडताना पाहिले, दोन्ही लिहून घ्यावे.

पती या वेळेत काउंटरच्या आत उभे होते. काउंटर सहा फूट लांबीचा आहे व त्याला एका बाजूने वाट आहे. सासऱ्यांना मी व त्या दोन गिऱ्हाइकांनी उचलले.

सासऱ्यांचे खुब्याचे हाड मोडले असून ते हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात भरती आहेत.

दि. १७ मे रोजी दवाखान्याच्या व्हरांड्यात पती मला म्हणाले, पोलिसांनी विचारले तर लॉक सुटला असे सांग. मी म्हणाले, सुटला नाही. त्यावर ते म्हणाले, “बाबाला घरी बसवायचं व्हतं. एक लग्न खराब झालं असतं, लोकांनी नाव ठेवलं असतं, बसले असते. तुझं ते जुगाड नसतं तर कवाच बसले असते. अमृतराव खुर्चीत बसून येईल हे मला काय ठावं?” शेवटची गोष्ट खरी आहे असे मी मानते. त्यांना ते माहीत नव्हते.

यानंतर मी आत सासऱ्यांजवळ गेले. ते जागे होते. पुढील बोलणे आमच्या दोघांत झाले.

ते म्हणाले, “पुनम, लॉक सुटला म्हणून लिहून दे.”

मी म्हणाले, “मामा, सुटला न्हाई तो.”

ते म्हणाले, “मला ठावं हाय. त्या दिवशी मांडवात अंगठा लावला तवाच कळलं. ठिपके रोजच्या जागी नव्हते, जरासे इकडं आलते.”

मी विचारले, मग शूटिंग का चालू ठेवले, मला फोन का केला नाही.

ते म्हणाले, “मला वाटलं, तूच काही सुधारणा केली असशील. तू केलेलं म्हणून मी बिनघोर आवळलं.”

मी त्यांची उशी सरळ केली. मग ते म्हणाले, “पोरगं हाय माझं. तुझं काय जाते? एक स्क्रू सुटला म्हणायचं.”

मी त्यांना पाणी दिले व बाहेर आले. त्यांचे म्हणणे मी ऐकले नाही, याबद्दल ते माझ्यावर नाराज होतील. त्यांनी मला काम शिकवले आहे व आजवर त्यांचा शब्द मी मोडलेला नाही.

जमादार साहेबांनी मला समजावून सांगितले की मारहाणीची हकिगत पुरेशी आहे, स्क्रूची बाब घरातली आहे, ती लिहिली तर पतीचे नाव येईल, एकदा विचार करा. त्यांनी मला बाहेर जाऊन पाणी पिऊन यायलाही सांगितले. मी पाणी पिऊन आले व सांगितले की दोन्ही लिहावे. शिवशंकर टाले याने ढकलले म्हणून हाड मोडले, त्याची जी काय शिक्षा असेल ती असो. परंतु त्याला सांगितले गेले की आंधळ्या माणसाने काम बिघडवले. तसे झालेले नाही. सासऱ्यांनी अंतर बरोबर मोजले होते. पतीने मांडवात सुरुवातीला घेतलेल्या शूटिंगमध्ये स्टॅण्डच्या पायापासून नवरीच्या खुर्चीपर्यंतच्या सतरंजीच्या पट्ट्या मोजता येतात. मी मोजल्या, दहा फूट भरतात. माझ्या कामातही चूक नव्हती. कॅमेरा फुटला तरी पितळी कडे शाबूत आहे. ते, फुटलेल्या टिपक्यांसह, कागदात गुंडाळून आणले असून पंचांसमक्ष ताब्यात घ्यावे.

मला असे विचारले की, पती कबूल झाले नाहीत तर काय. माझे उत्तर : ते कबूल होणार नाहीत. मला असेही विचारले की, हा जबाब दिल्यावर राहायला कुठे जाणार. माझे उत्तर : सासरे दवाखान्यात आहेत तोवर त्यांच्याजवळ. पुढचे माहीत नाही.

माझा जबाब महिला अंमलदारांनी माझ्यासमोर संगणकावर घेतला व मला मोठ्याने वाचून दाखवला. एके ठिकाणी ‘लॉक सुटल्याने’ असे आले होते, ते माझ्या सांगण्यावरून ‘लॉक सोडल्याने’ असे करण्यात आले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे. पती बाहेर बाकावर बसलेले आहेत. त्यांनाही तो वाचून दाखवण्यास माझी हरकत नाही.

सही : पुनम विश्वंभर अवचार